कुणाची कोकम?

बर्निस फोनवर कधीही कुणाला पत्ता विचारत नसे. आणीबाणीचे फोन घेणाऱ्या केंद्राची ती सुपरवायझर, आणि पत्ता विचारत नाही! वाण्याने तराजू न लावता साखर बांधून द्यावी तसं ते मला पहिल्या दिवशी वाटलं. ती विचारायची, "कुणाच्या घरात आहेस?" आणि मग, "अजून कोण कोण आहे तिथे?" एवढ्या दोन प्रश्नांवर ती ॲम्ब्युलन्स बरोबर दारात उभी करायची.

"पत्ता माणसं विसरतात, माय गर्ल," ती म्हणायची. "घाबरलं की आधी पत्ताच जातो. पण आपण कुणाच्या घरात आहोत हे कुणी विसरत नाही."

हे केंद्र रेजिना शहरापासून सव्वा तासावर होतं. करार करून घेऊन सरकारने इथल्या मूळ रहिवाशांना जे जमिनीचे तुकडे ठेवू दिले त्यांना इथे रिझर्व्ह म्हणतात. अशा चार रिझर्व्हनी मिळून, त्यांच्या ट्रायबल कौन्सिलच्या नावाखाली, आपलं स्वतःचं केंद्र उभं केलं होतं. आग असो, अपघात असो, कुणाच्या छातीत दुखत असो, फोन इथे यायचा आणि इथून गाडी निघायची. केंद्र म्हणजे बँड ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या पंचायत कचेरीच्या, मागची एक लांबडी खोली. चार टेबलं, प्रत्येक टेबलावर तीन स्क्रीन आणि खिडकीबाहेर बर्फाखाली बुजलेला हॉकीचा रिंक.

मी तिथे गेले ती नकाशे करायला, २०१६ सालच्या थंडीच्या तोंडावर. चिपळूणची मुलगी, इंजिनिअरिंग पुण्याला, मास्टर्स रेजिनाला. नवऱ्याची पीएचडी संपायचं नाव घेत नव्हती, पदरात एक वर्षाची लेक होती आणि आमचे पीआरचे, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचे, कागद माझ्या नोकरीवर टांगलेले होते. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे लागेल. बाकी माझ्याबद्दल सांगण्यासारखं इथे काही नाही, आणि जे आहे ते सांगण्यासारखं नाही.

पहिल्याच दिवशी मी "हे कॉल सेंटर छान आहे" असं म्हणून बसले. बर्निसने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. साठीची, बुटकी, भरल्या अंगाची बाई. पाठीवर करडी वेणी, चष्मा मण्यांच्या दोरीला बांधलेला.

"कॉल सेंटरवाले आपल्याला जेवताना फोन करतात," ती म्हणाली. "इथे लोक आपल्याला करतात, त्यांच्या वाईट वेळेला. फरक आहे." मग माझ्या फॉर्मवर नजर टाकून म्हणाली, "इंडियन. अरे बापरे! शेवटी एक खरी आली. आम्हाला ते नाव ज्याने दिलं ना, तो पत्ता चुकला होता आणि कुणाला विचारायला तयार नव्हता."

ती स्वतः हसली नाही. बाजूची क्रिस्टल हसली. क्रिस्टल म्हणजे बर्निसच्या हाताखाली तयार झालेली डिस्पॅचर, फोन घेऊन गाडी पाठवणारी, तिशीची, दोन मुलांची आई. तिने टेबलाखालून केसाळ सपातांचा एक जोड माझ्याकडे सरकवला. खोलीतल्या प्रत्येकाला बर्निसने सपाता आणून दिल्या होत्या. बाहेरचे बूट दारात काढायचे, सपाता घालायच्या, मगच हेडसेट लावायचा. तिचं म्हणणं असं की थंड पायांनी बसलेला माणूस फोनवर तुटक बोलतो. मी हे थट्टेवारी नेलं होतं. नंतर एकदा ओल्या मोज्यांनी बसून माझ्याच नवऱ्याशी फोनवर कशी बोलले ते माझं मला ऐकू आलं.

बर्निसचा दुसरा नियम, फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याने ठेवू दे. दारुड्याचा असो, चुकून लागलेला असो, शिव्या देणाऱ्याचा असो. "ठेवल्याचा आवाज वाईट असतो," एवढंच कारण ती द्यायची.

तिचं खरं दैवत मात्र एक बाड होतं. तीन कड्यांची जाडजूड फाइल, कडा चहाने तपकिरी झालेल्या. रिझर्व्हवरच्या घरांना नंबर होते, पण ते कचेरीपुरते. बाडात घरं माणसांच्या नावांनी होती, तीही वर्णमालेप्रमाणे नाहीत. बर्निस गाडी घेऊन ज्या क्रमाने रस्त्याने जाईल त्या क्रमाने. एक नोंद मला अजून पाठ आहे. 'लेनर्डचं जुनं घर, जळालं, आता ट्रेलर, भाची राहते. तपकिरी कुत्रा चावत नाही, काळा चावतो.' त्याखाली वेगळ्या शाईने, 'काळा मेला. आता तपकिरी चावतो.' शहरातून येणारे ॲम्ब्युलन्सवाले या नोंदींना हसायचे आणि गाडीतून उतरताना आठवणीने विचारायचे, "बर्निस, कुत्रा कुठला?"

माझं काम होतं जुने कॉल वाचून नकाशावर घरं बसवणं. आठवडाभर वाचत होते आणि दर चौथ्या नोंदीत एक शब्द येत होता. 'फोन करणारी व्यक्ती कोकमकडे आहे.' 'मुलं कोकमकडे.' 'कोकमकडे धूर.' मला वाटलं, असेल काही सांकेतिक शब्द. चिपळूणच्या बाईच्या डोळ्यांपुढे दुसरं काय येणार? मला एकटीलाच हसू फुटलं. बर्निसने विचारलं तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडे कोकम नावाचं फळ असतं, आंबट, वाळवून आमटीत घालतात, उन्हाळ्यात सरबत करतात.

"आंबट?" बर्निस म्हणाली. "मग तुला माझी कोकम भेटलेली दिसते."

त्यांच्या क्री भाषेत कोकम म्हणजे आजी. उच्चार थोडा 'कूकम'कडे झुकणारा, पण माझ्या कानाला तो शेवटपर्यंत कोकमच राहिला. पुढच्या आठवड्यात मी घरून आमसुलांची बरणी आणली. एक आमसूल तोंडात टाकून तिने डोळे घट्ट मिटले, आणि बरणी तिने स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतली. वर पट्टी चिकटवली, 'कोकम'. कुणी नवीन आलं की दाखवायची, "साऱ्या रिझर्व्हवर ही एकच कोकम, जिचा पत्ता विचारावा लागत नाही."

कारण खरी मेख तिथेच होती. पोरं फोन करतात आणि म्हणतात, मी कोकमकडे आहे. यावर बर्निसचा ठरलेला प्रश्न असे, "कुणाची कोकम?" आवाज खाली, घाई नाही, जशी काही बाई चहा ओतता ओतता विचारते आहे. पोर सांगे, "माझीच, पण ती नाही, दुसरी, तळ्यापलीकडची." झालं, बर्निसला घर कळलं.

एकदा तिने माझीच परीक्षा घेतली. "तुमच्याकडे आजीला काय म्हणतात?"

"आजी."

"आजीच्या बहिणीला?"

"आजी."

"आजोबांच्या बहिणीला?"

"तीही आजी."

"आणि शेजारच्या म्हातारीला?"

"आजीच."

तिने समाधानाने हात झटकले. "मग तुला शिकवायला नको. गोऱ्या पोरांना हे तीन तीन दिवस समजवावं लागतं आणि चौथ्या दिवशी ती विचारतात, पण खरी आजी कुठली?" 'आजी' हा शब्द तिने दोन-तीनदा म्हणून पाहिला, 'जी' जरा लांबवून, आणि बाडाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. तिच्या त्या विश्वासाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं.

रोज दुपारी तीनच्या सुमाराला आयरीनचा फोन यायचा. आयरीन म्हणजे तळ्यापलीकडे एकटी राहणारी ऐंशीच्या घरातली बाई. मूलबाळ नाही. बहिणीची नातवंडं शाळा सुटली की तिच्याकडे यायची, ती तिला कोकम म्हणायची, आणि त्यांचं ऐकून निम्मं गाव म्हणायचं. आयरीनची आणीबाणी म्हणजे शेगडीचा दिवा लुकलुकतोय, नाहीतर अंगणात अनोळखी मांजर आलंय. बर्निस हेडसेट लावून शांतपणे ऐकायची. "कुठल्या रंगाचं?" विचारायची. पाच-सात मिनिटांनी आयरीन फोन ठेवायची.

मी एकदा म्हटलं, "ह्या वेळेत खरा फोन आला तर?"

"बाकी तीन टेबलं आहेत," बर्निस म्हणाली. "आणि हा खरा नाही असं तुला कुणी सांगितलं?"

एका दुपारी तीन वाजून वीस मिनिटं झाली तरी फोन आला नाही. बर्निसने गाडी पाठवली. आयरीन स्वयंपाकघरात पडलेली सापडली, खुब्याचं हाड मोडलेलं, सकाळपासून तशीच. तीन महिन्यांनी ती बरी होऊन घरी आली आणि त्याच दुपारी तीनला मांजराची तक्रार घेऊन हजर झाली. त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांनी आपापलं काम थांबवून तो फोन ऐकला.

अवघड फोन होऊन गेला की बर्निस कुणाची समजूत घालत नसे. तिथे फोन करणारे आणि घेणारे एकाच रक्ताचे असत. क्रिस्टलने एकदा स्वतःच्या चुलतभावाचा अपघात फोनवर ऐकला होता, शेवटपर्यंत. नियमाप्रमाणे नातेवाइकाचा फोन दुसऱ्याकडे द्यायचा असतो. "नातेवाइकांचे सगळे फोन दुसऱ्याला द्यायचे म्हटलं तर मी घरी बसून विणकाम करीन," असं बर्निस या नियमाबद्दल म्हणायची. त्या दिवशी ती क्रिस्टलच्या शेजारी खुर्ची ओढून बसली, खिशातून संत्रं काढलं, सावकाश सोललं, पांढऱ्या शिरा काढल्या आणि एकेक फोड टिश्यूवर ठेवत गेली. संत्रं संपेपर्यंत तिथल्या कुणालाही क्रिस्टलशी बोलायची परवानगी नसे. माझ्या वाट्याला असं संत्रं एकदाच आलं, लेकीचा ताप उतरत नव्हता आणि मी कामावर बसले होते तेव्हा. माझ्या लेकीला बर्निसने कधी पाहिलं नव्हतं. पण रोज सकाळी विचारायची, "बॉस कशी आहे?"

मग ग्रेग आला. टोरांटोकडच्या एका कंपनीचा सल्लागार, दात फार पांढरे. नवी प्रणाली बसवायची, प्रत्येक कुटुंबाचं कार्ड करायचं, फोन आला की कार्ड स्क्रीनवर उघडणार, घर नंबर हिरव्या रंगात दिसणार, की निघाली गाडी. बाड बंद. मी त्याच्या हाताखाली गेले. जुन्या नोंदींमधला 'कोकम' मीच त्याला दाखवला, आणि त्याच्या डोळ्यांत दिवा लागला. त्याने प्रत्येक कार्डावर एक खास रकाना केला, 'कोकमचं घर', आणि पुढे एका आकड्याची जागा. स्थानिक संस्कृतीचा आदर, असं त्याचं म्हणणं. ही कल्पना त्याला इतकी आवडली की सादरीकरणात त्या रकान्याला त्याने स्वतंत्र पान दिलं, मागे सूर्यास्ताचं चित्र घालून.

बर्निसने तो रकाना पाहिला. "एकच?"

"बहुतेकांना एकच पुरेल," ग्रेग म्हणाला.

ती मला बाजूला घेऊन गेली. "ऐक. जिथे एकीपेक्षा जास्त आहेत तिथे रिकामं सोड. रिकामं दिसलं की पोरी विचारतील. भरलेलं दिसलं की विचारणार नाहीत. गुरुवारी माझ्याबरोबर बस, मी एकेक घर सांगते."

त्या गुरुवारी गावात कुणी गेलं. मयताच्या घरी चार दिवस सगळ्यांचा स्वयंपाक असतो, बर्निस तिकडे होती. पुढचा गुरुवार येईपर्यंत ग्रेगचे तीन ईमेल आले होते. रकाने शंभर टक्के भरलेले हवेत, रिकामा रकाना प्रणाली स्वीकारत नाही, आणि काम वेळेत झालं तर माझं कंत्राट वाढवायची शिफारस तो करणार होता. कंत्राट वाढलं तर पीआरचं गाडं पुढे सरकणार होतं. मी थांबले नाही. बँड ऑफिसची कुटुंबांची यादी घेतली आणि बसले. आईची आई. ती नसेल तर वडिलांची आई. दोघी असतील तिथे जवळ राहणारी. जवळ म्हणजे नकाशावर जवळ. दोन दिवसांत सगळे रकाने भरले. आयरीनला मूल नव्हतं, त्यामुळे माझ्या यादीत ती कुणाचीच कोकम नव्हती.

वडिलांच्या मावशीला मी जन्मभर आजी म्हणत आले. माझं निम्मं बालपण तिच्या ओटीवर गेलं. ही कार्डं भरताना ती मला एकदाही आठवली नाही. साहेबाने चूक केली असती तर मी म्हटलं असतं, त्याला काय कळतंय.

कार्डांची चळत सहीसाठी बर्निसपुढे ठेवली. तिने पेन हातात घेतलं. "शंका होती तिथे रिकामं ठेवलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने एकही कार्ड उलटून पाहिलं नाही. सगळ्या चळतीवर मिळून एक सही केली आणि आमसुलांच्या बरणीतून एक आमसूल तोंडात टाकलं.

नवी प्रणाली सुरू झाली तसे आयरीनचे फोन एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे वळवले गेले. 'तुमची तक्रार आणीबाणीची नसल्यास एक दाबा.' बर्निस भांडली. ग्रेगने अहवालात लिहिलं की केंद्राचा अनावश्यक वापर घटला आहे. महिनाभराने कळलं, आयरीनने घरचा फोनच काढून टाकला. ती बर्निसला म्हणाली म्हणे, "बोलायला कुणी नाही तर भिंतीवर ते लोढणं कशाला?"

फेब्रुवारीतली एक दुपार. पारा उणे अडतीस. बर्निस रेजिनाला दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेली होती. विषय होता, 'सुपरवायझरने बदल कसा स्वीकारावा'. मी माझ्या टेबलावर होते. क्रिस्टलला फोन आला, मोबाइलवरून, दहा वर्षांची मुलगी. शाळेला सुट्टी दिली होती, थंडीमुळे.

"कोकम उठत नाहीये," ती म्हणाली. "मी कोकमकडे आहे."

क्रिस्टलच्या ओठांवर प्रश्न आलेला मी पाहिला. पण स्क्रीनवर कार्ड उघडलं होतं आणि हिरव्या रंगात होतं, कोकमचं घर, एकशे बेचाळीस. जे स्क्रीनवर दिसतंय ते विचारण्यात वेळ घालवायचा नाही, असा नवा नियम होता, आणि प्रत्येक कॉलचे सेकंद मोजले जात होते. "एकशे बेचाळीस ना, बेबी?" तिने विचारलं.

त्या पोरीला घराचा नंबर कुठून ठाऊक असणार? "आय गेस," ती म्हणाली.

गाडी एकशे बेचाळीसला गेली. दार उघडलं ते तिच्या सख्ख्या आजीनेच, हातात चहाचा मग घेऊन. ती म्हणाली, मला काही झालेलं नाही, आणि नात कुणाकडे गेली आहे ते मला ठाऊक नाही.

क्रिस्टलने आता 'कुणाची कोकम?' विचारलं, पण पोर नुसती रडत होती. क्रिस्टल ओरडली, "बाड कुठे आहे?" बाड खोक्यात घालून अडगळीत ठेवलेलं होतं, मीच ठेवलेलं. मी धावत जाऊन ते आणलं आणि पानं उलटत राहिले. मला त्यात काही सापडेना. रस्त्यांच्या क्रमाने लिहिलेलं ते पुस्तक, आणि मी सव्वा वर्षात त्या रस्त्यांवर बर्निसबरोबर एकदाही गेले नव्हते. शेवटी बर्निसला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. मी पोरीचं नाव सांगितलं, आजी घरी ठीक आहे म्हणून सांगितलं.

"आयरीन," ती म्हणाली. एवढंच.

तळ्यापलीकडे जायला, वाऱ्याने बर्फ आडवा टाकलेल्या रस्त्यावरून, गाडीला अजून बावीस मिनिटं लागली. क्रिस्टलने फोन ठेवला नाही. पोरीला ती आयरीनच्या छातीवर हात कसे दाबायचे ते सांगत राहिली, मग पोर दमली तेव्हा नुसतं बोलत राहिली, मांजराबद्दल. गाडी पोचली तेव्हा आयरीन गेली होती. वेळेत पोचलो असतो तर कदाचित वाचली असती, कदाचित नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यातल्या दुसऱ्या 'कदाचित'ला मी बरेच दिवस धरून बसले होते.

चौकशी झाली. बँड ऑफिसच्या मोठ्या खोलीत लांब टेबल, पलीकडे कौन्सिलचे दोघे, प्रांताकडून आलेली एक बाई, आणि ग्रेग. अलीकडे बर्निस, क्रिस्टल आणि मी.

"कार्डं कुणी तपासली?" प्रांताच्या बाईने विचारलं.

"सही माझी आहे," बर्निस म्हणाली.

"प्रत्येक कार्ड पाहिलंत?"

"नाही."

"का नाही?"

बर्निस खिडकीबाहेर पाहत होती. "जिने भरली तिला विचारलं होतं. ती नीट भरली आहेत असं ती म्हणाली."

त्या खोलीत पुढचा प्रश्न एकच असू शकत होता. तो कुणी विचारला नाही. ग्रेगने घाईने पान उलटलं, कारण रकान्याचा विषय निघाला असता तर सूर्यास्ताचं चित्रही निघालं असतं. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं, 'मी खोटं बोलले.' ते मराठीत तयार होतं, त्याचं इंग्रजी करेपर्यंत विषय पुढे गेला, असं मी पुढे किती तरी दिवस स्वतःला सांगत असे. इंग्रजी मला चांगलं येतं. माझे कागद त्या आठवड्यात शेवटच्या टप्प्यावर होते, आणि मी गप्प बसले, हे खरं.

मधल्या सुटीत बर्निसने खिशातून संत्रं काढलं. सोललं, शिरा काढल्या. अर्ध्या फोडी क्रिस्टलपुढे ठेवल्या, अर्ध्या स्वतः खाल्ल्या. मी तिसऱ्या खुर्चीवर, हाताच्या अंतरावर बसले होते. मला त्या सालीचा वास येत होता. आजही कुणी संत्रं सोलायला घेतलं की मी काहीतरी निमित्त काढून उठते.

तिला काढलं नाही. 'सांस्कृतिक सल्लागार' असं एक पद देऊ केलं, टेबल नाही, हेडसेट नाही. तिने नको म्हटलं. सपाता मात्र सगळ्यांच्या तिथेच ठेवून गेली. मी सोमवारी आले तेव्हा माझ्या टेबलावर आमसुलांची बरणी होती. रिकामी, धुतलेली, पट्टी काढून टाकलेली. एप्रिलमध्ये आमचे कागद आले. नवऱ्याने पेढे वाटले, चांगले खव्याचे, ब्रॅम्प्टनहून मागवलेले. वर्ष संपायच्या आत कौन्सिलने केंद्र बंद केलं आणि चारही रिझर्व्हचे फोन शहरातल्या मोठ्या केंद्राकडे गेले. तिथली माणसं सभ्य आहेत. ती पहिला प्रश्न विचारतात, "तुमचा पत्ता काय?"

बर्निसला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. पुढच्या वर्षीचा डिसेंबर, रेजिनातली एक ग्रोसरी. नाताळच्या आधी इथे संत्र्यांच्या पेट्यांची रास लागते. माझी लेक ईरा, आता चार वर्षांची, त्या राशीवर चढायला बघत होती. पलीकडे एक बाई एकेक संत्रं उचलून अंगठ्याने दाबून पाहत होती. वेणी कापलेली होती म्हणून मी आधी ओळखलं नाही. मग मागे कुठेतरी कुणाचा तरी फोन वाजला, आणि त्या बाईची मान सगळ्यांच्या आधी वळली.

पळून जावंसं वाटलं. खाई त्याला खवखवे. पण तिने आम्हाला पाहिलं होतं.

"हाय, बर्निस," मी म्हणाले.

तिने मान हलवली. खाली ईराकडे पाहिलं आणि क्षणभर तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला. "सो दिस इज द बॉस."

ईरा माझ्या कोटामागे लपली. मग तोंडातून जे गेलं ते सवयीने गेलं. इथे पार्कमध्ये, लिफ्टमध्ये, देवळात, कुठलीही म्हातारी बाई भेटली की मी लेकीला जे सांगते तेच. "ईरा, लाजतेस काय? आजीला हाय कर. से हाय टू आजी."

बर्निसच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. तो शब्द तिला ठाऊक होता. तिने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेला होता.

"हूज?" तिने विचारलं. आवाज खाली, घाई नाही. कुणाची?

ईरा कोटामागून डोकावली. "मम्मा, हूज आजी इज शी?"

बर्निस थांबली. उत्तरासाठी ती नेहमी थांबायची, समोरचं माणूस रडत असो की गप्प असो. मी ईराच्या टोपीची गाठ सोडून पुन्हा बांधली. ती सैल नव्हती.

मग बर्निसने संत्रं परत राशीवर ठेवलं, आपली टोपली उचलली आणि ती गेली. फोन आपण आधी ठेवायचा नाही, हा तिचाच नियम. त्या दिवशी तिने आधी ठेवला.